मधलं शटल

५ जानेवारी

स्पर्धेच्या जोड्या आज सूचनाफलकावर लागल्या आणि माझं नशीब फुटलं. सगळ्या कंपन्यांची मिळून जी बॅडमिंटन स्पर्धा होते, तिच्यात महिला दुहेरीसाठी माझी जोडीदार कोण, तर परचेसमधल्या डावऱ्या ताई. जेवणाच्या सुट्टीत टेबलाखाली गुडघ्याला मलम चोळत बसतात, त्या. डाव्या हाताने लिहितात, डाव्या हाताने खेळतात आणि पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहेत. मी कॉलेजात एकेरीची विजेती होते. माझा स्मॅश आला की समोरच्या पोरी मागे सरकायच्या. आणि आता मी यांना सांभाळत खेळायचं!

असो. वर्षाच्या सुरुवातीला दोन गोष्टी ठरवल्या आहेत, त्या इथे लिहून टाकते म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. एक, ही स्पर्धा जिंकायची. दोन, मार्चअखेर नोकरीत कायम व्हायचं. आमच्या कारखान्यात हॉस्पिटलच्या खाटा बनतात. मी डिझाइनमध्ये आहे, पण प्रोबेशनवर. वर्षभर मान मोडून काम केलंय. आता शेवटच्या तीन महिन्यांत माशी शिंकता कामा नये.

९ जानेवारी

पहिला सराव. पॅकिंगमधल्या दोन पोरींनी आम्हाला धुऊन काढलं. त्यातल्या एकीने तर आज पहिल्यांदाच रॅकेट हातात धरली होती म्हणे.

आमचं दुखणं एकच, मधलं शटल. दोघी उजव्या असत्या तर सोपं होतं, जिचा फोरहँड मध्ये येतो तिने मारायचं. इथे मी उजवी, त्या डावऱ्या. मी डाव्या बाजूला असले की दोघींचे फोरहँड मध्ये येतात, मग दोघी धावतो आणि रॅकेटवर रॅकेट आपटते. बाजू बदलली की दोघींचे बॅकहँड मध्ये, मग कुणालाच ते आपलं वाटत नाही. शटल दोघींच्या मधोमध पडतं आणि आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहतो.

मी मात्र दर वेळी वेळेवर हाक देत होते, "ताई, तुमचं!" हाक देण्याची सवय मला पहिल्यापासून आहे. ताई पळत होत्या बिचाऱ्या, पण पोचत नव्हत्या. कपडे बदलताना त्यांना म्हटलं, "थोडं पायांवर काम करायला हवं तुम्ही." त्या म्हणाल्या, "हो गं, करते." राग नाही, काही नाही. गरीब स्वभाव आहे.

१३ जानेवारी

आईचा फोन.

"कायम झालीस का?"

"अगं, मार्चअखेर."

"मग मी आत्याला काय सांगू?"

"सांग की मार्चअखेर."

"पण मी सांगून बसलेय."

"काय सांगितलंस?"

"की झालीस."

आता कायम व्हायलाच हवं. माझ्यासाठी नाही तर निदान आईची जीभ वाचावी म्हणून.

१९ जानेवारी

आज अंगावर मूठभर मांस चढलं. खाटेच्या बाजूचा जो वर-खाली होणारा कठडा असतो, त्याची पट्टी वाकते अशा तक्रारी येत होत्या. मी सुचवलं, पट्टी जाड करू. साहेबांनी ड्रॉइंग दोनदा बघितलं आणि म्हणाले, "चांगलं आहे. करून टाक." साहेबांच्या तोंडून 'चांगलं' ऐकलेली माणसं आमच्या विभागात फार नाहीत. शेजारच्या टेबलावरचा, स्वतःला हुशार समजणारा पोरगा दिवसभर माझ्याशी बोलला नाही, यातच सगळं आलं.

पट्टी जाड झाली म्हणजे तिच्यातून जाणारी पिनही लांब हवी, नाहीतर ती पलीकडे नीट अडकणार नाही. पट्ट्या आम्ही कापतो, पिन बाहेरून येतात, म्हणजे तो भाग परचेसचा. आमच्याकडे एक पद्धत आहे. ज्याने माप बदललं त्याने जुना नग आणि नवं ड्रॉइंग घेऊन परचेसच्या टेबलाशी जाऊन बसायचं, समजावून सांगायचं आणि मग समोरच्याने ते आपल्या शब्दांत उलट सांगायचं. ते बरोबर आलं तरच उठायचं. अगदी बालवाडी! शिकलेल्या माणसांनी एकमेकांची उजळणी घ्यायची! फक्त ड्रॉइंग पाठवलं की झालं, असं इतर कंपन्यांत चालतंच ना.

२३ जानेवारी

परचेसला जाऊन बसायला वेळ कुठे आहे? नव्या खाटेचं काम येतंय आणि ते मलाच मिळावं म्हणून मी जीव काढतेय. तरी काम राहून जायला नको म्हणून आज सरावात, ताई सर्व्हिससाठी शटलची पिसं सारखी करत होत्या तेव्हा सांगून टाकलं. "ताई, कठड्याच्या पिनचं माप बदललंय हं. बघून घ्या."

"बरं," त्या म्हणाल्या आणि सर्व्हिस केली.

एक काम हातावेगळं झालं.

३० जानेवारी

सराव बरा झाला. ताईंनी आज नियम घालून दिला. मधल्या शटलला जिची हाक आधी, तिचं ते. दुसरीने लगेच बाजूला व्हायचं. आपल्याला जास्त चांगलं मारता आलं असतं असं वाटलं तरी व्हायचं, आणि नंतर कुरकुर करायची नाही.

"आणि ती चुकली तर?" मी विचारलं.

"चुकू दे. पण दोघी मध्ये घुसलो तर नक्कीच चुकणार."

मग पाणी पिताना म्हणाल्या, "तुझी हाक खणखणीत असते बरं का तोफ. फक्त शब्द एकच येतो तुला." तोफ हे त्यांनी मला ठेवलेलं नाव, स्मॅशवरून. बाकीच्या वाक्यात टोमणा होता की कौतुक, ते मला कळलं नाही. मी हसून सोडून दिलं.

त्यांचा गुडघा सुजलाय. मी म्हटलं, विश्रांती घ्या. म्हणाल्या, "तू घेऊ देशील तर ना." सारखं धावावं लागतं त्यांना. जागा धरून खेळायची सवयच नाही.

७ फेब्रुवारी

पहिली फेरी जिंकलो! माझे आठ स्मॅश. मोजून आठ.

१२ फेब्रुवारी

नव्या भरतीतल्या मुलांसमोर आज माझं भाषण झालं. विषय होता, 'खेळाचा छंद नोकरीत काय शिकवतो'. मनुष्यबळ विभागातल्या बाईंनी मला मुद्दाम बोलावलं, म्हणजे कायम करण्याच्या यादीत माझं नाव असणारच. उगीच कुणाला कोण व्यासपीठावर उभं करतं?

भाषण गाजलं. मी म्हटलं, खेळाडू हार मानत नाही, तो शिस्तीचा असतो, त्याला दबावाखाली शांत राहता येतं. आणि दुहेरी खेळणाऱ्याला तर जबाबदारी घेण्याची सवयच लागते. या वाक्याला टाळ्या पडल्या. ताई मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनीही वाजवल्या. एका मुलाने विचारलं, "मॅडम, जोडीदार कमजोर असेल तर काय करायचं?" मी म्हटलं, "सांभाळून घ्यायचं." ताईंकडे मुद्दाम बघितलं नाही, त्यांना वाईट वाटलं असतं.

१६ फेब्रुवारी

दुसरी फेरीही जिंकलो. आता २४ तारखेला उपांत्य सामना. जाड पट्टीच्या पहिल्या खाटा मागच्याच आठवड्यात एका हॉस्पिटलला गेल्या. माझ्या ड्रॉइंगच्या खाटा! आईला सांगितलं तर तिने आत्याला सांगितलं की मी हॉस्पिटल बांधलंय.

२० फेब्रुवारी



जोडणी विभागात गेले होते. पुढच्या गाडीच्या खाटा तयार होऊन उभ्या होत्या. बुटाची नाडी सुटली म्हणून एका खाटेच्या कठड्याला रेलून बांधायला वाकले, तर कठडा खाडकन खाली गेला आणि मी फरशीवर. सगळे हसले. मीही हसले. उठून कठडा पुन्हा वर केला, टक् असा आवाज आला, म्हणजे पिन बसली. पुन्हा भार दिला. पुन्हा गेला.

पिन काढून हातात घेतली. जुनीच. आखूड. जाड पट्टीतून तिचं फक्त टोक पलीकडे जातं. आवाज होतो म्हणून तपासणारा पुढे सोडतो, पण माणसाचा भार आला की निसटते. दुसऱ्या खाटेला तेच. तिसऱ्या खाटेला तेच. मिस्त्री, म्हणजे जोडणीतले आमचे सर्वांत जुने फिटर, जवळ आले आणि त्यांनीही एकदा ओढून बघितलं. मग कुणी हसलं नाही.

या खाटांवर लोक झोपलेत. आजारी लोक.

साहेबांना लगेच सांगितलं. त्यांनी हॉस्पिटलच्या भांडारात फोन केला, कठडे दोरीने बांधून ठेवा म्हणून. तिकडचा माणूस 'हो' म्हणाला. लांब पिन तातडीने करून मागवल्या आहेत, सोमवारी संध्याकाळी येतील.

२१ फेब्रुवारी

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावायला सांगितलं.

"परचेसला सांगितलं होतंस ना?"

"हो साहेब. ताईंना सांगितलं होतं."

"त्यांनी उलट सांगितलं?"

मी टेबलावरचा पेपरवेट फिरवायला लागले. त्यांनी तो माझ्या हातून काढून घेतला. मग म्हणाले, "सोमवारी मोठे साहेब बैठक घेणार आहेत. तिथे विचारलं तर एवढंच म्हण, परचेसला कळवलं होतं. त्याच्या पुढे एक शब्द नको. खोटं नाही ना ते?"

"नाही."

"मग झालं. तुझ्या कन्फर्मेशनचा कागद माझ्या टेबलावर आहे. आत्ता या भानगडीत तुझं नाव नको."

केबिनमधून बाहेर आले तेव्हा बरं वाटलं, हे खोटं कशाला लिहू? खोटं बोलायचं नाही, फक्त कमी बोलायचं. आणि खरंच, सांगितलं होतं मी. त्यांनी ड्रॉइंग मागायला हवं होतं. वीस-बावीस वर्षं परचेसमध्ये काढलेल्या बाईला हे मी शिकवायचं का?

दुपारी शेजारच्या टेबलावरचा हुशार जवळ येऊन म्हणाला, "परचेसप्रमुखांना त्या ताई तशाही नकोच होत्या. आता आयतंच कोलीत मिळालं. निवृत्तीआधीच घरी बसवतील बघ." मला वाटलं, तो नेहमीसारखा आग लावतोय. पण खोटंही वाटलं नाही.

२२ फेब्रुवारी

रविवार. सरावाला जाऊ नये असं वाटत होतं, गेले. ताई आधीच येऊन जाळी बांधत होत्या. पिनबद्दल त्यांना सगळं कळलेलं होतं, पण तासभर त्या फक्त खेळाबद्दल बोलल्या. मला एकही शटल धड मारता येत नव्हतं.

शेवटी मीच विचारलं, "ताई, त्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं होतं ना? पिनचं?"

"सांगितलं होतंस." त्या खाली बसून गुडघ्याची पट्टी सोडत होत्या. "मला वाटलं, तू ड्रॉइंग घेऊन येशील. तुला वाटलं असेल, मी मागेन. मागायला हवं होतं मी."

"मग उद्या?"

"उद्या विचारतील, मी सांगेन. तू नको काळजी करू. तुझी आत्ता कुठे सुरुवात आहे."

यावर मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "जाळी सोडू का?"

चालत घरी आले. सुटल्यासारखं वाटतंय आणि स्वतःची शिसारीही येतेय. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं हे आज कळलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, पण मग चोर कोण? मी काही चोरलेलं नाही. फक्त एक वाक्य कोर्टावर टाकून आले.

आईला फोन केला आणि हवापाण्याचं बोलले. तिने विचारलं, "आवाज का असा?" म्हटलं, सर्दी.

२३ फेब्रुवारी

आजचं सगळं नीट लिहायचं आहे, उद्या मला वेगळं आठवायला लागलं तर उपयोगी पडेल.

बैठकीच्या खोलीत लांब टेबल. एका टोकाला मोठे साहेब. त्यांच्या एका हाताला माझे साहेब आणि मी, दुसऱ्या हाताला परचेसप्रमुख आणि ताई. मध्ये टेबलावर दोन पिन ठेवलेल्या, एक जुनी आणि एक नव्या मापाची, नमुन्यादाखल आधी आलेली. बोटभर वस्तू, तिच्याकडे कुणाला बघवत नव्हतं. माझं वाक्य पाठ होतं. परचेसला कळवलं होतं. दारातून आत येईपर्यंत, खुर्चीवर बसेपर्यंत, मी तेच म्हणणार होते. या वहीत मोठेपणा मिरवायचा नाही.

मोठे साहेब आवाज न चढवता म्हणाले, "मला एवढंच सांगा, हे काम कुणाचं होतं?"

कुणी बोललं नाही. माझे साहेब पेनचं टोपण लावत होते, काढत होते. परचेसप्रमुख छताकडे बघत होते. आणि मला ती शांतता ओळखीची वाटली. शटल वर गेलंय, खाली येतंय, दोघांच्या मध्ये येतंय, आणि प्रत्येकाला वाटतंय की दुसरा घेईल.

समोर ताईंनी श्वास घेतला. मला त्यांची ती हालचाल पाठ आहे. धावायच्या आधी त्या अशाच खांदा किंचित पुढे घेतात. सुजलेल्या गुडघ्यासकट ही बाई आता धावणार आहे, कारण मी 'तुमचं' म्हणणार हे तिला माहीत आहे. दीड महिना माझ्या तोंडून तिने दुसरं काही ऐकलेलंच नाही. माझ्या कानशिलात कुणीतरी मारल्यासारखं झालं.

"माझं!"

कोर्टावर ओरडतात तसंच ओरडले मी. सगळे दचकले. त्याच क्षणी ताईही म्हणाल्या, "माझं होतं साहेब."

मोठे साहेब एकदा माझ्याकडे, एकदा ताईंकडे बघायला लागले. इतकी वर्षं कारखाना चालवतात, पण एकाच चुकीला दोन मालक त्यांना पहिल्यांदाच भेटले असावेत. "एक कोणीतरी बोला," ते म्हणाले.

ताई अर्धवट उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि खाली बसल्या. हात मांडीवर घेतले आणि गप्प झाल्या.

खरं सांगते, मला वाटलं होतं त्या अडून बसतील. मनातून तसं हवंही होतं. आपण 'माझं माझं' म्हणायचं आणि कुणीतरी मोठ्याने म्हणायचं, नाही नाही पोरीचं नाही. पण त्या बसल्या, आणि टेबलाच्या त्या बाजूने माझ्या मदतीला आता कुणी येणार नव्हतं.

मग मी बोलले. माप मी बदललं. टेबलाशी जाऊन बसायचं, उलट सांगून घ्यायचं, ते मी केलं नाही, कारण मला ते पोरकट वाटत होतं. चालू खेळात एक वाक्य टाकलं आणि त्याला कळवणं म्हटलं. माझे साहेब टेबलाखालून माझ्या बुटावर बूट दाबत होते, तरी बोलले.

परचेसप्रमुख म्हणाले, "तरी आमच्या बाईंनी विचारायला हवं होतं."

मी म्हटलं, "त्यांनी काय विचारायचं, ते मी त्यांच्यापर्यंत पोचवलंच नव्हतं." हे मला आधी सुचलेलं नव्हतं. तोंडातून आलं आणि तेच खरं होतं.

निकाल दुपारी कळला. मी कायम होणार नाही. प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं. नव्या खाटेचं काम शेजारच्या हुशाराला. साहेबांनी तो कागद माझ्यासमोरच टेबलावरून उचलून खणात टाकला. "मी तुला दार उघडं ठेवलं होतं," ते म्हणाले. चिडले होते, पण मला वाटतं चिडण्यापेक्षा दमले होते. मग म्हणाले, "उद्या मिस्त्रींबरोबर हॉस्पिटलला तू जायचंस. तिथे शिव्या खायला कंपनीचा कुणीतरी लागतो." ही शिक्षा होती की आणखी काही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

बाहेर व्हरांड्यात ताई उभ्या होत्या.

"ताई, तुम्ही बसलात!"

"हाक तुझी आधी होती."

"पण तरी..."

"मग काय रॅकेट घालू तुझ्या डोक्यात?" त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, आणि माझेही. आम्ही दोघी भिंतीकडे तोंड करून सूचनाफलक वाचत असल्याचं दाखवत राहिलो. मग मी म्हटलं, उद्या संध्याकाळी उपांत्य सामना आहे आणि मी हॉस्पिटलमध्ये असेन.

"सोडू सामना. समोरच्यांना पुढे चाल. होऊ दे त्यांचं भलं, तशाही त्या तुला घाबरून आजारी पडल्यात म्हणे." मग माझ्या पाठीवर एक धपाटा बसला, डाव्या हाताचा. चांगलाच लागला.

आईला सांगितलं. सगळं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आत्याला मी बघते. तू उद्या निघताना काहीतरी खाऊन निघ."

२४ फेब्रुवारी

सकाळपासून मिस्त्री आणि मी वॉर्ड धरून खाटा करत होतो. ते पिन काढायचे, मी नवी घालायचे, मग कठडा वर करून मी त्याला अंगाचा सगळा भार देऊन लोंबकळायचे. शिव्या खाल्ल्या. एका डॉक्टरांनी सर्वांसमोर विचारलं, "तुमच्या घरच्या माणसाला झोपवाल का यावर?" मी म्हटलं, "कालपर्यंत नाही. आता हो." त्या उत्तराने त्यांचं समाधान झालं नाही आणि व्हायलाही नको होतं.

बऱ्याच खाटांचे कठडे दोरीने बांधलेले होते, म्हणजे फोनचा निरोप पोचला होता. वरच्या मजल्यावर मात्र पोचला नव्हता. भांडारातल्या माणसाला वाटलं होतं की त्या मजल्याला मुख्य नर्स सांगतील, आणि मुख्य नर्स रजेवर होत्या.

तिथे कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारे होते, डोक्याचं ऑपरेशन झालेलं. झोपेत सारखे कूस बदलत होते. शेजारी खुर्चीत त्यांची मुलगी बसली होती, माझ्याहून थोडी मोठी असेल. तिने टॉवेलची पट्टी फाडून आपलं मनगट कठड्याला बांधून घेतलं होतं.

"हे काय?" मी विचारलं.

"हा मधेच सुटतो," ती म्हणाली. "बाबा रात्री हलतात. सुटला की हाताला ओढ बसते आणि मला जाग येते."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. इथले म्हणाले, कंपनीचं काम आहे. कंपनीत फोन लावला, ते म्हणाले, हॉस्पिटलकडून तक्रार यायला हवी. मग म्हटलं जाऊ दे, आपणच धरू." ती अगदी साधेपणाने बोलत होती, भांडायचं त्राणही तिच्यात उरलं नव्हतं.

मला तिच्याकडे बघवेना. मिस्त्रींना म्हटलं, ही मी करते. जुनी पिन काढली, नवी घातली. स्प्रिंग बसवताना बोट कापलं. कठडा वर केला, लोंबकळले, धक्के दिले, मिस्त्रींनाही भार द्यायला लावला. हलला नाही.

"आता सोडा," मी म्हटलं.

तिने लगेच सोडलं नाही. आधी मोकळ्या हाताने कठडा हलवून बघितला. पुन्हा हलवला. मग गाठ सोडायला लागली, पण ती आवळून घट्ट झाली होती, म्हणून मी कात्रीने कापली. मनगटावर लाल वळ उठला होता.

"तुम्ही कंपनीच्या का?"

"हो. कठड्याची ही पट्टी मी बदलली होती. पिनचं सांगायचं काम माझं होतं. मी केलं नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता बोलेल, आणि तिने बोलावं म्हणून मी तयार उभी होते. ती म्हणाली, "बरं झालं आलात," आणि डोकं मागे टेकलं. मी हत्यारं पिशवीत भरेपर्यंत तिला झोप लागली होती. तोंड किंचित उघडं, हात दोन्ही बाजूंना सैल सुटलेले. म्हाताऱ्यांनी कूस बदलली आणि कठड्यावर येऊन थडकले. आवाज झाला. ती उठली नाही.

मिस्त्रींनी हळूच विचारलं, "आता कुठली?"

मी पलीकडच्या खाटेकडे बोट दाखवलं आणि पिशवी उचलली.